सहा गल्ल्यांची सांगली, सतरा दारांचा सातारा

कराडहून कोयनेचा पूल ओलांडला की मलकापूर लागते. या नावाची महाराष्ट्रात तीन गावे तरी प्रसिद्ध आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यातले रेल्वेचे, दुसरे शाहूवाडी तालुक्यातले, विशाळगडकर पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे, आणि तिसरे हे, आगाशिवच्या डोंगराखाली महामार्गाला लागून वाढलेले. बुलढाण्याच्या मलकापुराची कथा जुन्या गॅझेटियरने नोंदवली आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या एका राजपुत्राने ते वसवले आणि मलिकेच्या, म्हणजे शहजादीच्या नावावरून त्याचे नाव पडले, असे ती सांगते. ‘मलिक’ ही बहमनी आणि आदिलशाही काळातली सरदारकीची पदवी, मलिक अंबराच्या नावात आपण ती रोज ऐकतो. अरबी मलिक आणि संस्कृत पूर यांचा असा जोड दख्खनच्या नकाशावर ठिकठिकाणी दिसतो.

कराडजवळच्या मलकापुरावर कोटी करायची तर फार लांब जावे लागत नाही. ल चा ळ केला की ‘मळका पूर’ होतो. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-कोयनेचे गढूळ पाणी ज्यांनी दारापर्यंत आलेले पाहिले, त्यांना हा अर्थ समजावून द्यायला नको. आणि ज्या गावाने चोवीस तास, मीटर लावून, स्वच्छ नळाचे पाणी देण्याबद्दल नाव मिळवले, त्याच्या नावातून मळका पूर निघावा यात कोटीची खरी गंमत आहे. ही कोटी माझी, इथेच केलेली, आणि गावाच्या नावाशी तिचा काही संबंध नाही. पण तिच्यापुढे ‘म्हणून या गावाला मलकापूर म्हणतात’ एवढे जोडा आणि दोन पिढ्या जाऊ द्या. तिसऱ्या पिढीत ती गावच्या स्मरणिकेत इतिहास म्हणून छापलेली असेल. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातल्या निम्म्याअधिक गावांच्या ‘नावाच्या कथा’ याच वाटेने आल्या आहेत असे माझे मत आहे. त्या कथा खोट्या म्हणून टाकून देणाऱ्यांशी माझे भांडण आहे आणि खऱ्या म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांशीही आहे.

लोकांनी कानाला लागेल तशी रचलेली शब्दाची जन्मकथा म्हणजे लोकव्युत्पत्ती. १८५२ साली एर्न्स्ट फर्स्टमान या जर्मन अभ्यासकाने या प्रकाराला शास्त्रीय नाव दिले. प्रकार मात्र वेदांइतका जुना आहे. यास्काच्या निरुक्तात एकेका शब्दाला दोन-दोन, तीन-तीन मुळे दिलेली आहेत. अग्नी हा यज्ञात अग्रणी असतो म्हणून अग्नी, हे त्यातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण. ‘पुत्’ नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, ही तर स्मृतिकारांनी मान्य केलेली व्युत्पत्ती, आणि तिच्या जोरावर किती घरांत मुलीच्या जन्माला तोंडे वाकडी झाली याचा हिशेब नाही. ध्वनीवरून अर्थ काढायची ही खोड वरच्यांची आणि खालच्यांची सारखीच आहे. फरक एवढाच, की संस्कृतात सांगितली की ती निरुक्ती होते आणि पारावर सांगितली की थट्टा.

आपल्या भागात गावांच्या नावांना आकड्यांचे विलक्षण वेड आहे. सांगली म्हणजे सहा गल्ली. सातारा म्हणजे सतरा, कारण किल्ल्याला सतरा दारे, सतरा बुरूज, सतरा तट. कोणी सात ताऱ्यांचाही हवाला देतो. सोलापूर म्हणजे सोळा पुरे, सोळा वाड्या एकत्र येऊन झालेले. पाचगणी म्हणजे पाच गावांचा किंवा पाच डोंगरांचा गण. यांतली पाचगणी त्यातल्या त्यात पायावर उभी आहे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट ही पाच गावे आजही भोवताली दाखवता येतात. सोलापूरची सोळा मात्र लेखांनी खोडली आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या गावाचे नाव सोन्नलगी, सोन्नलिगे असे मिळते आणि त्यात सोळाचा मागमूस नाही. सांगलीच्या सहा गल्ल्यांत दुसरी अडचण आहे. ‘सहा गल्ली’ घाईत म्हणताना ह गळून जाईल, पण ‘सां’वरचा अनुस्वार कुठून येणार याचे उत्तर त्या कथेत नाही. १८०१ साली मिरजेच्या पटवर्धनांची वाटणी होऊन चिंतामणराव सांगलीला आले, त्याआधी ते लहान गाव होते. राजधानी मोठी झाल्यावर लोकांना तिचे लहानपण आठवावेसे वाटले असेल, आणि सहा गल्ल्या ही लहानपणाची चांगली खूण आहे. ‘सांगली चांगली’ हे यमकही लोकांनी असेच प्रेमाने जोडून दिलेले.

आकडाच का, याचा मी पुष्कळ विचार केला. आकडा मोजून दाखवता येतो. पाहुण्याला किल्ल्यावर नेऊन ‘ही बघा दारे’ म्हणता येते, आणि दारे सतराच भरली नाहीत तर काही पडली असे सांगता येते. आकड्यामुळे कथेला पुरावा मिळाल्यासारखा वाटतो, म्हणून ती टिकते. साताऱ्याच्या बाबतीत आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. १७०० साली औरंगजेबाने किल्ला घेतला तेव्हा त्याने शहजाद्याच्या नावावरून त्याचे ‘आझमतारा’ केले. पुढे मराठ्यांकडे आल्यावर तो ‘अजिंक्यतारा’ झाला. दोन्ही पक्षांनी नावाचा पहिला भाग बदलला आणि ‘तारा’ तसाच ठेवला. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही लोकांच्या कानाला या नावात सतरा नव्हे, तारा ऐकू येत होता.

दुसरी तऱ्हा दैत्यांची आणि पांडवांची. कोल्हासुर मेला म्हणून कोल्हापूर, महाबळ दैत्याच्या नावाने महाबळेश्वर. वाई म्हणजे विराटनगरी, मग जवळचा गड वैराटगड आणि दुसरा पांडवगड. लेणे दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत कोरलेले. कोयनेचे माहात्म्य लिहिणाऱ्यांनी तिला ‘ककुद्मती’ हे भारदस्त नाव दिले, आणि महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नद्या सावित्रीच्या शापाने पाणी झालेले देव ठरले. अशा स्थळपुराणांत लोकांच्या जिभेवरचे नाव आधी असते आणि संस्कृत रूप त्याच्यावर नंतर चढवलेले असते. हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. ‘कोयना’तून ‘ककुद्मती’ ओढून काढता येते, ‘ककुद्मती’ झिजून ‘कोयना’ होणे अवघड आहे.

आगाशिवच्या पायथ्याला जखिणवाडी आहे. ‘जखीण’ म्हटले की पोरांना भूत आठवते, आणि विहिरीच्या, पिंपळाच्या गोष्टी लगेच सुरू होतात. पण जखीण हा शब्द यक्षिणीचा थेट वंशज आहे. संस्कृत यक्षिणी, प्राकृत जक्खिणी, मराठी जखीण. बौद्ध लेण्यांच्या डोंगराखालच्या वाडीला हे नाव असावे हे मला भुताच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा अधिक रोमांचक वाटते. खरी व्युत्पत्ती रूक्ष असते हा समज मोडायला जखिणवाडी पुरेशी आहे.

कराडचे नाव तर मराठी मुलुखातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. इसवी सनापूर्वीच्या भारहुत स्तूपाला दान देणाऱ्यांत ‘करहकट’चे लोक आहेत. कोकणातल्या कुडा येथील लेण्यात करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिल्याचा लेख आहे. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात करहाटक येते, आणि बिल्हणाच्या विक्रमांकदेवचरितातली चंद्रलेखा ही इथलीच शिलाहार राजकन्या. एवढी वंशावळ हाताशी असताना या नावावर जी कोटी गाजली ती मात्र द्वेषाची होती.

स्कंदपुराणाचा भाग म्हणवणारे सह्याद्रिखंड १८७७ साली गेर्सन दा कुन्हा यांनी मुंबईत छापून काढले. त्यात कऱ्हाड्या ब्राह्मणांची उत्पत्ती गाढवाच्या हाडाशी जोडलेली आहे. नावात ‘हाड’ ऐकू येते, तेवढ्या धाग्यावर एका समाजाची बदनामी विणली. त्याच ग्रंथात चित्पावनांची कथा आहे. परशुरामाने समुद्रकाठी लागलेली प्रेते चितेवर शुद्ध करून ब्राह्मण केले, म्हणून ते ‘चितापावन’. मग चित्पावनांनी ‘चित्त ज्यांचे पावन ते चित्तपावन’ असे उत्तर दिले. एक त आला आणि प्रेताचे पुण्यवान झाले. दोन्ही बाजूंना ठाऊक होते की वाद व्याकरणाचा नाही, पंक्तीतल्या पानाचा आहे. कोणी कोणाबरोबर जेवायचे, कोणाला दक्षिणा मिळायची, कोणाची मुलगी करायची, हे अशा कोट्यांवर ठरत असे. म्हणून शब्दांच्या गमतीवर लिहिताना ही पाने गाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

या खेळाला खरे उत्तर साताऱ्याच्याच मातीतल्या माणसाने दिले. जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. घराण्याचे आडनाव गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून ते फुले झाले. ही खरी व्युत्पत्ती आहे आणि रचलेल्या कथेइतकीच सुंदर आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीरावांनी पुराणांचे हत्यार पुराणांवरच उगारले. ‘महाअरी’ म्हणजे मोठा शत्रू, त्यावरून महार. ‘महासुभा’ म्हणजे बळीराजाचा मोठा अंमलदार, त्यावरून म्हसोबा. खंडाचा अधिकारी तो खंडोबा. क्षेत्रात, शेतात राबणारे ते क्षत्रिय. भाषाशास्त्राच्या कसाला यांतल्या बहुतेक उतरणार नाहीत. तरी मी त्यांना चितापावनाच्या रांगेत बसवणार नाही. सह्याद्रिखंडाची व्युत्पत्ती माणसाला खाली ढकलण्यासाठी रचली होती. जोतीरावांनी शेंदूर फासलेल्या दगडातून एक राजा, त्याचे राज्य आणि त्याचे अधिकारी उभे केले, ज्यांना इतिहास नाकारला होता त्यांना तो मिळवून दिला. शब्द फोडून त्यातून आपल्याला हवे ते काढायची कला भटजींची मिरास नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मराठीत लोकव्युत्पत्तीचा याहून धारदार वापर मला दुसरा माहीत नाही.

‘महाराष्ट्र’ या नावावरही हाच झगडा झाला. महान राष्ट्र ते महाराष्ट्र, हे पाठ्यपुस्तकातले. रट्ट किंवा रठ्ठ नावाचे लोक, त्यांतले थोर ते महारठ्ठ, ही रा. गो. भांडारकरांची मांडणी. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत जॉन विल्सन यांनी महारांचे राष्ट्र ते महाराष्ट्र असे सुचवले आणि अनेकांना ते झोंबले. पारावरचा माणूस या सगळ्यांना बाजूला सारून ‘मरेल पण हटणार नाही तो मराठा’ म्हणून मोकळा होतो. यांतली एकच भाषाशास्त्रज्ञाच्या टेबलावर ठेवण्यासारखी आहे. बाकीच्यांतून या भूमीवर कोण कशासाठी हक्क सांगते ते कळते.

खाण्याच्या शब्दांकडे वळले की वातावरण निवळते, पण पूर्ण नाही. पाव हा पोर्तुगीज ‘पांव’. त्या भाषेत त्याचा अर्थ भाकरी-रोटी एवढाच. आपल्याकडे मात्र ‘पायाने तुडवून मळतात म्हणून पाव’ ही व्युत्पत्ती घरोघर पोचली, आणि बाटण्याच्या भीतीला तिने आयते कारण पुरवले. हापूस हा आफोन्सोचा आंबा, त्याच्या वाट्याला अशी कथा आली नाही, कारण आंबा सगळ्यांना हवाच होता. सांबाराची कथा तंजावरची. संभाजी महाराजांसाठी आमटी करताना आमसूल संपले, चिंच घातली, आणि पाहुण्याच्या नावावरून पदार्थाला सांबार नाव पडले, असे सांगतात. कथा मोठी लोभस आहे. पण ‘संभार’ म्हणजे सामग्री, मसाल्याचा जमाव, हा शब्द महाराजांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. आणि विदर्भात भाजीवाल्याकडे सांबार मागा, तो कोथिंबिरीची जुडी देईल. वऱ्हाडच्या या एका शब्दापुढे तंजावरचा मुदपाकखाना टिकत नाही.

अलीकडचा नमुना गटारीचा. आषाढातली दीप अमावस्या जवळ आली की दरवर्षी एक संदेश फिरतो, ‘गटारी नव्हे, गतहारी, गत झालेला आहार’. श्रावणाआधी सामिष जेवून आणि पिऊन गटारात लोळणाऱ्यांची थट्टा म्हणून जे नाव पडले, त्याला सोवळे नेसवायचा हा प्रयत्न आहे. ‘गतहारी’ हे रूप जुन्या ग्रंथांत सापडत नाही, ते संस्कृताच्या व्याकरणातही नीट बसत नाही. दीप अमावस्येचे दिवे सुंदर आहेत, त्यांचे कौतुक करायला गटारीची खोटी जन्मपत्रिका लागत नाही.

बाहेरून आलेले नाव आपल्या तोंडात बसवायचे म्हणजे त्याला ओळखीचा अर्थ द्यायचा, हे सगळीकडेच चालते. एल्फिन्स्टनचे ‘अलपिष्टन’ झाले. छावणीतल्या गोऱ्या पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’चे ‘हुकूमदार’ झाले, आणि ते इतके चपखल बसले की पहारेकऱ्याला तोच शब्द योग्य वाटू लागला. उलट बाजूने इंग्रजी शिपायांनी सिराज-उद-दौलाचा ‘सर रॉजर डाउलर’ केला. मोहरमातल्या ‘या हसन, या हुसेन’चे त्यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ केले, आणि १८८६ साली यूल व बर्नेल यांनी आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला तेच नाव दिले. मॅक्स म्यूलरचा ‘मोक्षमूलर भट्ट’ तर पंडितांनीच केलेला, आणि स्वतः म्यूलरने तो स्वीकारला. त्याच्या ऋग्वेदाच्या मुखपृष्ठावर ऑक्सफर्डचे ‘गोतीर्थ’ आणि जर्मनीचे ‘शार्मण्यदेश’ झाले आहे. ऑक्स म्हणजे बैल आणि फोर्ड म्हणजे उतार, तेव्हा गोतीर्थ हे भाषांतर म्हणूनही अचूक. मला ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत सभ्य कोटी वाटते. दोन्ही बाजूंना ती कोटी असल्याचे माहीत होते.

इंग्रजांनीही आपल्या गावांच्या नावांवर स्वतःची कथा लादली. मुंबईचे नाव पोर्तुगीज ‘बॉम बाईया’वरून, म्हणजे चांगल्या उपसागरावरून आले असे कित्येक पुस्तकांत वाचायला मिळते. पोर्तुगीजमध्ये ‘बाईया’ स्त्रीलिंगी आहे, तिला ‘बॉम’ हे पुल्लिंगी विशेषण लागत नाही. कोळ्यांची मुंबादेवी शहरात उभी असताना पोर्तुगीज व्याकरण मोडून नाव शोधायची गरज नव्हती. याच समुद्रमार्गावरून ‘पॉश’ची कथा आली. मुंबईला येताना बोटीच्या डाव्या आणि परतताना उजव्या बाजूच्या थंड खोल्या श्रीमंतांच्या, त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे पॉश, असे सांगतात. तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर मिळालेले नाही.

मराठी वाक्प्रचारांत लोकव्युत्पत्तीने फार सुंदर गुंते केले आहेत. दुकाने बंद ठेवणे तो हरताळ, हट्ट म्हणजे बाजार आणि त्याला ताळे म्हणजे कुलूप. आणि पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला फासायचे ते पिवळे द्रव्य तेही हरताळ, संस्कृत हरिताल. दोन वेगळे शब्द एका रूपात आले, आणि ‘तत्त्वाला हरताळ फासला’ लिहिणाऱ्या संपादकाच्या डोळ्यांपुढे आज बंद दुकाने असतात. ‘अटकेपार’चेही तसेच. अकबराने १५८१ साली सिंधूकाठी किल्ला बांधला, तो अटक. ओरिसातल्या कटकाशी त्याचे यमक जुळले आणि ‘अटक ते कटक’ ही हिंदुस्थानची लांबी ठरली. पुढे मराठीतल्या ‘अडवणे’ या अर्थाच्या अटकेशी त्याचे नाते लावून ‘इथून पुढे जाण्यास मनाई’ अशी समजूत रुजली. १७५८ साली मराठी फौजा तिथे पोचल्या, तेव्हा त्या विजयाला मनाई मोडल्याचा आनंदही जोडला गेला. आणि ‘ध चा मा’. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चे ‘मारावे’ एका अक्षराने झाले ही गोष्ट प्रत्येक मराठी पोराला ठाऊक असते. अक्षरात फेरफार झाला की नाही यावर इतिहासकार वाद घालोत. त्या खुनाचा न्याय करणारे रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे, हे मात्र पक्के.

कोट्या करण्याची आपली परंपरा पंडितांपासून तमाशापर्यंत अखंड आहे. वामन पंडितांना लोकांनी ‘यमक्या वामन’ म्हटले. पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिले, ओठांनी उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे वगळून. म्हणजे ‘राम’ हा शब्द न उच्चारता रामाची कथा. हा नुसता कसरतीचा खेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी चार ओळी तशा लिहून पाहाव्यात. एकनाथांच्या ज्या भारुडांत एकेक शब्द संसाराचा आणि परमार्थाचा असे दोन अर्थ वागवतो, त्या ‘भारूड’ शब्दाच्याच दोन कथा आहेत. कोणी त्याला ‘बहुरूढ’ म्हणतो, कोणी दोन तोंडांच्या भारुंड पक्ष्याकडे बोट दाखवतो. दुसरी मला अधिक आवडते, कारण ती भारुडाच्या स्वभावाला धरून आहे. विठ्ठलाचेही असेच. विटेवर उभा म्हणून विठ्ठल, ही वारकऱ्याची व्युत्पत्ती. तुकोबांनी ‘वि’ म्हणजे पक्षी, गरुड, असा अर्थ घेऊन विठोबा हे नाव लावून दाखवले.

कराडच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठी रेठऱ्यांची भावंडे आहेत. बुद्रुक आणि खुर्द ही फारसी थोरले-धाकटे, आणि तिसरे हरणाक्ष. हरणाक्ष ऐकले की हिरण्याक्ष आठवल्याशिवाय राहत नाही. या रेठरे हरणाक्षात श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांनी ज्या फडावर आयुष्य ओतले तिथे कलगी आणि तुरा एकमेकांना शब्दांच्या कोड्यांत धरीत, भेदिकाचा सवाल टाकीत, आणि उत्तर न देणाऱ्याला डफ खाली ठेवायला लावीत. बतावणीतल्या सोंगाड्याचे सारे भांडवल म्हणजे मुद्दाम चुकीचा ऐकलेला शब्द. ‘तमाचा नाश करतो तो तमाशा’ असेही कोणी म्हणतात. शब्द अरबी-फारसीतला आहे, अर्थ देखावा. पण ज्या कलावंतांना गावकुसाबाहेर तंबू ठोकावा लागला, त्यांच्या कलेला कोणी अंधार घालवणारी म्हणून मान देत असेल, तर मी त्याला अरबी कोश उघडून दाखवणार नाही. ‘गतहारी’ला दाखवीन. दोन्ही व्युत्पत्ती खोट्याच, पण एक दुबळ्याच्या बाजूची आहे.

छापील साहित्यात राम गणेश गडकऱ्यांनी कोटीला वैभव आणले. अत्रे आणि पु. ल. यांनी ती सभेत आणि रंगमंचावर नेली. पु. लं.ना ‘कोट्याधीश’ म्हटले गेले, यात कोटी या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे झाले. यांच्या कोटीत एक शिस्त आहे, जी आजच्या फिरत्या विनोदांत क्वचित दिसते. ऐकणाऱ्याला शब्दाचा खरा अर्थ माहीत आहे या विश्वासावर ती उभी असते. खरा अर्थ विसरला गेला की कोटी मरते आणि तिच्या जागी गैरसमज उरतो.

गैरसमज इतिहास म्हणून उभा राहिला की काय होते याचे मोठे उदाहरण पु. ना. ओक. ताजमहाल म्हणजे तेजोमहालय, व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चानिटी म्हणजे कृष्णनीती. ध्वनी सारखा दिसला की मूळ सापडले, हीच त्यांची पद्धत. ताजमहालाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००० साली ते तिथे फेटाळले गेले. बतावणीत हेच वाक्य सोंगाड्याने म्हटले असते तर टाळी पडली असती. इतिहासाचार्य राजवाड्यांची गोष्ट वेगळी. गावोगाव हिंडून त्यांनी कागद जमवले, आडनावांची आणि स्थलनामांची मुळे शोधली. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती संस्कृताच्या ओढीने वाहवल्या, तरी त्यांनी कच्चा माल समोर ठेवला, म्हणून त्यांची चूक पुढच्याला दुरुस्त करता आली. १९२० साली ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ आला, १९४६ साली कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये लोकांच्या कथा, शिलालेख आणि कानडी रूपे शेजारी शेजारी ठेवून तपासली. कथा खोटी ठरली तरी ती का रचली गेली हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. या विषयात मी त्यांनाच गुरू मानतो.

कुलकर्ण्यांचा कोश आता जुना झाला. त्यानंतर ताम्रपट वाचले गेले, बोलींची पाहणी झाली, टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा जुन्या मराठीचे पुरावे शोधायची हौस सगळ्यांना आली. ती हौस नव्या व्युत्पत्तिकोशाच्या कामी लावली पाहिजे, आणि त्याला लोकव्युत्पत्तींची वेगळी पुरवणी जोडली पाहिजे. विश्वकोशाचे घर वाईत आहे, म्हणजे याच जिल्ह्यात. कराड आणि मलकापुरात महाविद्यालये आहेत, मराठीचे विद्यार्थी आहेत. एका तालुक्यातल्या सगळ्या गावांच्या नावांच्या कथा एका वर्षात लिहून होतील.

त्या लिहिताना तीन गोष्टी जपाव्यात. कथा सांगणाऱ्याच्या शब्दांत घ्यावी, सुधारू नये. ती गावातल्या कोणत्या आळीत सांगतात आणि कोणत्या आळीत सांगत नाहीत ते नोंदवावे, कारण एकाच नावाच्या दोन कथा दोन आळ्यांत सांगितल्या जातात. आणि शेजारी गावाचे जुन्यात जुने लेखी रूप लिहावे, मग ते सनदेतले असो, इनामाच्या मोडी कागदातले असो, की देवळाच्या पायरीवरचे. मोडी वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्या घरी असा एखादा कागद असेल तर तो आधी वाचून घ्या, आणि आजीला गावाच्या नावाची गोष्ट याच सुट्टीत विचारा.